दिसलं ते बोला

बस थांबायच्या आधी बाईंचा उजवा पाय थांबला. पुढे कुणी आडवं आलं असावं. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला, उभी असलेली माणसं एकमेकांवर कलंडली, कुणाची तरी पिशवी घरंगळत बाईंच्या मांडीवर आली, आणि त्या सगळ्या गोंधळात बाईंना एवढंच कळलं की आपला पाय समोरच्या सीटखालच्या रबरी पट्टीत रुतून बसलाय. किंचित डावीकडे सरकून, बरोबर ब्रेक असतो तिथे. पोटरी दुखेपर्यंत त्यानं जमीन दाबून धरली होती. ‘आत्ता बरा गेलास,’ बाई पायाला म्हणाल्या. ‘इथे दाबायला काही नाही, तर इथे शहाण्यासारखा गेलास.’ शेजारच्या मुलीनं कानातलं गाण्याचं यंत्र काढून त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे हे मोठ्यानं बोललं गेलं होतं. बाईंनी पिशवी उचलून जिची तिला दिली आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. दुकानं उघडत होती. एकजण शटर वर ढकलताना मध्येच थांबून जांभई देत होता. कोर्टाचा थांबा अजून लांब होता, आणि तिथे पोचल्यावर आपण काय बोलणार हे बाईंना अजून ठाऊक नव्हतं.

हातापायांशी बोलायची सवय वर्गातली. सबंध आयुष्य बाईंनी शाळेतला सगळ्यात लहान वर्ग घेतला होता. इतका, की गल्लीतली माणसं, दुकानदार, शेजारी, सगळे त्यांना बाईच म्हणत; घरी यजमानही कधीकधी चेष्टेनं ‘बाई, चहा मिळेल का’ म्हणत. यंदाच्या वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तिनं एकदा रांगेतल्या पुढच्या मुलाला ढकललं. तो पडला, ओठ फुटला, रडारड झाली. ‘का गं ढकललंस?’ भिंगरी म्हणाली, ‘मी नाही ढकललं. माझे हात गेले.’ बाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि हातांनाच विचारलं, ‘काय रे, कुठे गेला होतात दोघं? हिला न विचारता?’ सगळा वर्ग खिदळला. भिंगरी मात्र हसली नाही. आपल्या हातांकडे ती अशी बघत राहिली, जणू काही ते हात दुसऱ्या कुणाची पोरं आहेत आणि आता कायमची आपल्याकडे राहायला आली आहेत. बाईंनी तेव्हा ते बघितलं आणि सोडून दिलं. अशी उत्तरं त्यांनी शेकड्यांनी ऐकली होती. त्या बघण्यातली भीती काय असते, हे कळायला त्यांना स्वतःचा पाय त्या वाटेनं जावा लागला.

गाडी शिकायचं खूळ निवृत्ती जवळ आल्यावर डोक्यात शिरलं होतं. यजमान म्हणाले होते, ‘अगं, हाताची घडी तोंडावर बोट म्हटलं की तुझी पोरं थांबतात. गाडी नाही थांबणार.’ बाई हट्टाला पेटल्या. शिकवणारे मास्तर अंगानं आडवे, आवाजानं त्याहून आडवे. गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता, शिकवण्याच्या गाडीत असतो तसा. पहिल्या दिवशी त्यांनी तो पायानं टकटक वाजवून दाखवला होता. ‘हा बघा बाई, हा तुमच्या चुकांसाठी ठेवलाय. हव्या तेवढ्या चुका करा. ह्या गाडीत चूक तुमची, जबाबदारी माझी.’ आणि मग त्यांची ती एक रीत. चालवणाऱ्यानं तोंड बंद ठेवायचं नाही. दिसेल ते मोठ्यानं म्हणायचं. सायकल. उजवीकडे बस. पोरगी पळत्येय. बाईंना आधी फार लाज वाटली, काच खाली असली की लोक बघत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर बोट ठेवायला लावलं, आणि आता हा माणूस आपलं तोंड उघडायला लावतोय. ‘कुत्रं आहे, पण झोपलंय,’ त्या एकदा पुटपुटल्या. ‘झोपलेलं पण बोला! उठतं ते!’ मास्तर गरजले. ‘दिसलं ते बोला, बाई. मनात ठेवलेलं ब्रेकपर्यंत पोचत नाही.’ गाडीतून उतरल्यावरही मग ते तोंडाला लागलं. घरात चालताना बाई म्हणत, स्टूल. ओला टॉवेल. नवरा, पेपर वाचतोय. यजमान पेपरामागून म्हणत, ‘नवरा दिसला तर हॉर्न द्यायचा असतो.’

मग मास्तर गप्प झाले. एका दिवसात नव्हे. हळूहळू, नळाचं पाणी जातं तसे. आधी ओरडणं गेलं, मग चेष्टा, मग ‘शाबास’सुद्धा. शेजारी बसून ते रस्त्याकडे बघत राहत. एकदा सिग्नल हिरवा झाल्यावरही ते काही बोलले नाहीत, मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले तरी नाही. बसच्या खिडकीत आता बाईंचा चेहरा दिसत होता आणि त्यामागून रस्ता पळत होता. त्या चेहऱ्याची बाईंना मनापासून चीड आली. कारण तेव्हा ह्या चेहऱ्याला आनंद झाला होता. बाईंना वाटलं होतं, आपण सुधारलो. मास्तरांना टोकावंसं वाटत नाही इतक्या आपण सुधारलो. एवढी वर्षं शिकवून, गप्प झालेल्या मुलाच्या कपाळाला आधी हात लावून बघायचा असतो हे त्यांना माहीत होतं. वर्गातलं कुठलंही पोर असं गप्प झालं असतं तर त्यांनी लावलाही असता. मास्तर मोठे होते, शिकवणारे होते. त्यांच्या कपाळाला कोण हात लावणार? आणि गप्प माणसाशेजारी बसून एकटीनं बडबड करणं विचित्र वाटतं, म्हणून बाईंनीही बोलणं सोडून दिलं.

त्या सकाळी बाजाराच्या वळणावर शिंपी फुटपाथवरून खाली उतरला. हातात निळ्या कापडाचा गठ्ठा, हनुवटीनं वरून दाबून धरलेला. बाईंना तो दिसला. चांगला दिसला, त्याच्या कानावर खोचलेला खडूसुद्धा दिसला. म्हणायला हवं होतं, ‘माणूस. उतरतोय.’ पण एखादं मूल उंचावर चढलेलं दिसलं की ओरडायचं नाही, ओरडलं की ते दचकून पडतं, हे त्यांच्या हाडात भिनलेलं होतं. वर्गात अशा वेळी बाई श्वास धरून, आवाज न करता जवळ जातात. तशाच त्या गेल्या. श्वास धरला, ओठ मिटले, आणि पाय गेला. गेला तो ब्रेकऐवजी वेगाच्या पट्टीवर. गाडी शिंप्याकडे झेपावली, आणि त्या दोन श्वासांमधल्या जागेत शेजारून मास्तरांचा आवाज आला. ‘आता लागेल.’ बस्स. मग काचेवर निळं कापड पसरलं. बाईंना पुढचं सगळं निळंच आठवत होतं.

शिंप्याची मांडी मोडली, सळई घालावी लागली. कायद्यानं गाडी शिकवणाऱ्याच्या ताब्यात होती, म्हणून खटला मास्तरांवर झाला. चौकीत बाईंना विचारलं, ‘ते त्या वेळी काही बोलले?’ समोरच्या बाकावर मास्तर मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत होते, शाळा सुटल्यावर न्यायला कुणी न आलेल्या मुलासारखे. बाई म्हणाल्या, ‘नाही. काही बोलले नाहीत.’ का म्हणाल्या? बोलले असं सांगितलं तर ह्या माणसाचं काही खरं नाही, एवढं त्यांना कळलं होतं, हे एक. दुसरं कारण त्यांनी पुढे बरेच दिवस स्वतःलाही कळू दिलं नाही. ते शब्द लपले की सगळी गोष्ट आपल्या पायाची होत होती. आणि सगळी गोष्ट आपल्या पायाची असणं, हे त्यांना सोपं वाटत होतं. निदान कुणाला विचारायचं ते तरी ठरलेलं होतं.

मग एका दुपारी मास्तरांची बायको शाळेत आली. मुलं गेलेली होती, बाई लहानशा खुर्च्या एकमेकींवर रचत होत्या. ती त्यातल्याच एका खुर्चीवर बसली, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाली, ‘ह्यांच्या डोक्यात गाठ निघाली. पुढच्या बाजूला, कपाळामागे. लिंबाएवढी. काढली. साधी होती, पुन्हा यायची नाही म्हणतात.’ मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. ‘आणि मी महिनाभर भांडत होते हो त्यांच्याशी! आळशी झालात म्हणून. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते, तर हे स्वयंपाकघरातून सांगतायत, दूध उतू जातंय. म्हटलं, मग बंद करा की गॅस! गेले तर हे शेगडीपुढे उभे. दूध खाली आलेलं. हात बटणापासून वीतभर. आणि चेहऱ्यावर काही नाही. नुसते बघतायत. मी म्हटलं, हात मोडलेत का? तर म्हणाले, नाही.’ डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं, आणि तिनं तसंच्या तसं बाईंना सांगितलं: बघणारा भाग ठीक होता, समजणारा ठीक होता, बोलणाराही. समजल्यावर जो उठतो आणि काहीतरी करायला लावतो, त्याच्यावर गाठ बसली होती. बाईंच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. दूध उतू जातंय. आता लागेल. एकच आवाज होता तो. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. चौकीतलं उत्तर कागदावर होतं.

तेव्हापासून बाईंच्या डोक्यात चक्र सुरू झालं. भांडी लावताना, मुलांच्या बुटांच्या जोड्या लावताना ते फिरत राही. एका रात्री जेवताना त्यांनी यजमानांना विचारलं, ‘अहो, एखाद्याला दिसतंय, कळतंय, आणि तरी हात उठत नाही. तर तो गुन्हेगार का?’ यजमान म्हणाले, ‘रोज सकाळी माझं तेच होतं. गजर ऐकू येतो, कळतो.’ बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी घास खाली ठेवला. ‘गाठ होती ना बिचाऱ्याला. मग तो कसा गुन्हेगार?’ ‘आणि माझा पाय?’ बाई म्हणाल्या. ‘माझ्या डोक्यात तर गाठ नाही.’ यजमानांनी ताट जरा बाजूला सारलं. ‘कुणी उघडून बारीक बघितलं, तर तुझ्या पायाचंही काहीतरी कारण निघेल. कुठली तरी तार कुठे तरी. सगळ्यांचं निघेल. मग भांडायचं कुणाशी?’ आणि वातावरण हलकं करायला म्हणाले, ‘मी तुझ्याशी भांडायचो ते आता तुझ्या मेंदूशी भांडू का?’ बाई म्हणाल्या, ‘तो ऐकत नाही. मी ऐकते.’ हे त्या सहज बोलून गेल्या, आणि मग पाण्याचा पेला हातात तसाच धरून बसून राहिल्या.

वर्गात पाण्याचा एक जग असतो. दर आठवड्याला एक मूल तो नळावरून भरून आणतं. आता चार वर्षांच्या पोराला भरलेला जग पेलत नाही, हे कुणी शास्त्रज्ञानं सांगायला नको. तरी बाई तो त्याच्या हातात देतात, अर्धा. आणि सांगतात, हा तुझा. सांडलं की त्याला फडकं देतात. मूल रडत म्हणतं, आपोआप सांडलं. बाई म्हणतात, बरं, आपोआप सांडलं, पुसणार कोण? मूल पुसतं. पुसता पुसता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येतं, जे आधी तिथे नसतं. बाईंनी ते इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांना त्याचं नाव शोधावंसं वाटलं नव्हतं. ते कवटीत कुठे असतं, डॉक्टरांच्या चित्रात कुठल्या रंगाचं दिसेल, त्यांना सांगता आलं नसतं. जग हातात देणारा आणि घेणारा ह्यांच्या मध्ये कुठेतरी ते उगवतं. आधी नुसतं धरून चालायचं असतं, की ते आहे. मग ते येतं. भिंगरीला आपण हसत हसत काय सांगितलं होतं? हातांनी तिला विचारून जावं. म्हणजे आत कुणी तरी आहे, जिला विचारता येतं, असं आपण तिला सांगितलं होतं. तिला तेव्हा ते माहीत नव्हतं. म्हणून ती घाबरली होती.

कोर्टाच्या बाहेरच्या लांब पडवीत बाकं होती. एका टोकाला शिंपी बसला होता, काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये. दुसऱ्या टोकाला मास्तर आणि त्यांची बायको. मास्तर आटले होते, शर्ट खांद्यावरून उतरत होता आणि कपाळावर आडवी गुलाबी रेघ. त्यांचे वकील पायऱ्यांवरच बाईंना भेटले. ‘जबाबात आहे तेच बोलायचं, बाई. शून्यात बघत होते, काही बोलले नाहीत. संपलं. घरी जायचं.’ बाईंनी विचारलं, ‘आणि समजा, बोलले असते तर?’ वकिलांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. ‘मग सरकारी वकील म्हणणार, दिसत होतं, कळत होतं, बोलायला जमत होतं. मग पाय तेवढा दाबायला काय झालं? आणि मला घाम फुटणार. बोलले नाहीत ना? मग झालं तर.’ ते फाइल काखेत मारून आत गेले.

मास्तर उठून बाईंकडे आले. उठले, हे बाईंनी बघितलं; मनात आलं आणि उठले. ‘काय बाई, आज काय बोलणार?’

‘जबाबात आहे ते.’

‘हं.’ मास्तर शेजारी बसले. ‘जबाबात नाही ते मला आठवतं.’

बाईंनी चमकून पाहिलं.

‘सगळं आठवतं. गठ्ठा आठवतो. पाय माझा ब्रेकवरच होता, बाई. नुसता ठेवलेला. वाटलं, आता लागेल, आणि तसं म्हटलं. दाबावंसं काही आलंच नाही. कसं सांगू? समोर चित्र चाललंय आणि आपण बघतोय.’ त्यांनी कपाळावरची रेघ चोळली. ‘आता सगळे मला सांगतात, मास्तर, ते तुम्ही नव्हताच, ती गाठ होती. वकील सांगतो, डॉक्टर सांगतो, बायको देवाची शपथ घेऊन सांगते. चांगल्या मनानंच सांगतात. पण मी नव्हतो तर मग कोण होतं हो तिथे? आणि उद्या माझं काही चांगलं झालं, तर ते तरी माझं कशावरून? इतकी पोरं शिकवली, ती कुणी शिकवली? आख्खं घरच झाडून काढलंत की राव माझ्यातून.’

‘पण मी सांगितलं तर, मास्तर... तुरुंगात गेलात म्हणजे? भीती नाही वाटत?’

‘वाटते!’ मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज क्षणभर जुना आडवा झाला. ‘चांगली वाटते. बरं वाटतं बाई, मधे ती पण येत नव्हती.’

वकील दारातून बाहेर आले, दोघांना एका बाकावर बघून त्यांचा चेहरा पडला. ‘अहो मास्तर! साक्षीदाराशी काय बोलताय? इकडे या, इकडे!’ मास्तर उठता उठता म्हणाले, ‘हवापाण्याचं चाललंय हो.’ मग बाईंकडे वळून, हळूच, ‘मी तुम्हाला एकच तर गोष्ट शिकवली होती.’

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातलं लाकूड कितीतरी माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेलं होतं. बाईंनी त्यावर तळवे ठेवले. वर पंखा, समोर न्यायाधीश, थकलेला शांत माणूस, चष्मा कपाळावर. सरकारी वकिलांनी रस्ता, वळण, वेळ, सगळं विचारून घेतलं आणि मग कागदावरून नजर न उचलता, नुसतं पानाची बाजू पूर्ण करायची म्हणून विचारलं, ‘धडकेच्या आधी आरोपी काही बोलले नाहीत. बरोबर?’ बाईंना समोर सगळं स्वच्छ दिसलं. टायपिस्टची थांबलेली बोटं. शिंप्याची काठी. मास्तरांची रेघ. ओठ मिटलेले. श्वास धरलेला. हेच ते, बाईंच्या मनात आलं, हीच ती जागा. पाय असाच गेला होता.

‘बोलले,’ बाई म्हणाल्या.

वकिलांनी मान वर केली. ‘जबाबात तर...’

‘जबाबात मी खोटं सांगितलं. त्यांना वाचवायला. थोडं मलाही. ते म्हणाले, आता लागेल.’

टायपिस्टची बोटं चालली. मास्तरांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. सरकारी वकील एकदम ताजेतवाने झाले. ‘म्हणजे आरोपीला समोरचा माणूस दिसत होता.’ ‘हो.’ ‘धडक बसणार हे कळत होतं.’ ‘हो.’ ‘आणि तरी त्यांनी ब्रेक दाबला नाही.’ ‘नाही दाबला.’ वकील वळून बसायला निघाले, काम झालं होतं. तेवढ्यात न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. ‘कसं म्हणाले? ओरडून? घाबरून?’

बाई म्हणाल्या, ‘करून दाखवू का, साहेब?’

‘काय करून?’

‘आवाज. मी लहान मुलांना शिकवते. गोष्टीतल्या प्रत्येकाचा वेगळा आवाज काढावा लागतो, नाही तर मुलं मध्येच उठून जातात. मला येतो त्यांचा.’

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशांनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली. बाईंनी आधी खांदे रुंद केले, मान आत घेतली, आणि छातीतून तो आवाज काढला: ‘झोपलेलं पण बोला, बाई! उठतं ते!’ सगळं दालन दचकलं आणि हसलं. मास्तरांची बायको हसली, आणि तिनं पदर तोंडावर धरला. ‘हे मास्तर,’ बाई म्हणाल्या. ‘चहा मागतानासुद्धा ह्याच आवाजात.’ मग त्यांनी खांदे सोडून दिले. चेहरा पुसल्यासारखा केला. आणि त्या निळ्या सकाळपासून आत ठेवलेला दुसरा आवाज, त्याला धक्का न लावता, जसा होता तसा बाहेर येऊ दिला. ‘आता लागेल.’

त्या आवाजात चढ नव्हता, उतार नव्हता. खिडकीत बसून पाऊस थांबल्याचं सांगावं, तेवढीही ओल नव्हती. मास्तरांच्या बायकोच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, ‘दूध...’ एवढाच. मास्तर आपल्या जागी बसून बाईंकडे बघत होते. आपण बोललेलं त्यांना आठवत होतं. आपला तो आवाज त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्यांचा हात उठला. बाईंनी तो उठताना पाहिला.

‘आणखी एक,’ बाई म्हणाल्या. ‘मलाही ते दिसले होते, हे शिंपीकाका. बोलायचं असतं, ते मी बोलले नाही. आणि पाय माझा होता. मास्तर गप्प झालेत हे कितीतरी दिवस दिसत होतं, तेही मी कुणाला बोलले नाही.’

‘हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही,’ सरकारी वकील म्हणाले.

‘नाही विचारलं. म्हणून ते राहून जातंय.’

न्यायाधीश बराच वेळ काही लिहीत राहिले. मग त्यांनी बाईंना समज दिली, की चौकीत खोटं सांगितल्याबद्दल त्यांनाही उत्तर द्यावं लागेल. बाई म्हणाल्या, ‘देईन.’ हा शब्द इतका सहज निघाला की त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. डॉक्टरांना पुन्हा बोलावायचं ठरलं. आज ऐकलेल्या आवाजाबद्दल न्यायाधीशांना त्यांना काही विचारायचं होतं. पुढची तारीख पडली.

पडवीत मास्तरांचे वकील घाम पुसत होते. ‘बाई, तुम्ही आधी मला बुडवलंत आणि मग बाहेर काढलंत, की उलटं, तेच मला समजत नाहीये. पण काढलंत, असं वाटतंय.’ ते पाणी शोधत निघून गेले. शिंपी काठी टेकत आला आणि मास्तरांसमोर उभा राहिला. खडू आजही कानावर होता.

‘इतके महिने मी इथे येतोय,’ तो म्हणाला, ‘आणि सगळे मेंदूबद्दल बोलतायत. मेंदू असा, मेंदू तसा, मोठाली चित्रं दाखवतायत. पाय मोडला माझा, आणि रागवायला एक माणूस मिळेना! मेंदूवर काय रागावू मी?’

‘माझ्यावर रागवा,’ मास्तर म्हणाले.

‘रागावलोच आहे. तुमच्यावर, आणि ह्यांच्यावर पण.’ त्यानं काठीनं बाईंकडे दाखवलं. ‘ते चांगलं कापड होतं.’ मग चेहरा तसाच ठेवून, ‘शर्ट फार मोठा होतोय तुम्हाला. बाह्या बघा कुठे चालल्यात. दुकानात घेऊन या, शिवण आत घेऊन देतो. पैसे पुरे घेईन.’

‘घ्या की,’ मास्तर म्हणाले. ‘दुप्पट घ्या.’

‘दुप्पट कशाला? आधीच हिशेब चुकवू नका.’

मास्तरांची बायको रिक्षासाठी पुढे गेली होती, रस्त्याच्या पलीकडे. तिघं पायऱ्या उतरून फुटपाथच्या कडेला आले. कामाची वेळ, गाड्यांची रांग संपत नव्हती. शिंप्यानं एक पाय खाली टाकला आणि मागे घेतला; कडेवरून खाली उतरायचं म्हटलं की त्याला अजून भीती वाटत होती, हे तो लपवायला गेला आणि लपलं नाही. बाईंनी त्याचा डावा दंड धरला. पलीकडून मास्तरांनी, थोडं चाचरत, उजवा धरला. शिंप्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ‘वा. ज्यांनी पाडलं तेच धरतायत,’ तो म्हणाला, पण दंड सोडवून घेतला नाही. मास्तर रस्त्याकडे बघत होते, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं.

‘बस,’ बाई मोठ्यानं म्हणाल्या. लोक वळून बघायला लागले. ‘बस येत्येय, लांब आहे. स्कूटर, थांबली. सायकल, पोरगी आहे, तिनं बघितलंय आपल्याला. कडेला कुत्रं, झोपलंय.’

‘उठतं ते,’ मास्तर म्हणाले.

‘उठलं तर सांगते. शिंपीकाका, उतरा.’

आणि तिघं उतरले.